पाणी मारलेली बाटली

१

निळ्या झाकणाची बाटली कपाटातून नाहीशी झाली, आणि ती कोणी नाहीशी केली याबद्दल कोणालाही शंका उरली नाही. कपाटाला कुलूप, कुलपाच्या किल्ल्या तिघांकडे, आणि त्या तिघांतल्या एकीनं आदल्याच दिवशी चौकशीत गुन्हा कबूल केलेला. आणखी काय हवं? इतक्या सरळ प्रकरणात मला कोणी बोलावत नाही. मला बोलावलं ते माझ्या ताईनं, आणि तेही बाटलीसाठी नाही, नवऱ्यासाठी.

"अगं, हे जेवत नाहीत," ती फोनवर म्हणाली. "त्या मुलीनं यांच्या तोंडाला काळं फासलंय. शुक्रवारी शेवटची सुनावणी आहे. तू ये आणि हे एकदाचं निस्तर."

माझा धंदा पाण्याच्या भांडणांचा आहे. कोणाच्या विहिरीत कोणाचं गटार उतरलं, कारखान्यानं ओढ्यात काय सोडलं, हे मी बाटली हुंगून सांगते, अशी माझी भाचरं सगळीकडे सांगत असतात. हुंगत नाही, मोजते. आणि मोजायला शिकवलं ते भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं. शिक्षण संपवून मी घरात माशा मारत बसले होते तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "पाण्याला नीट विचारायचं. ते सांगतं." तेव्हापासून त्यांचा शब्द मला प्रमाण. त्यांचं नाव काढून कोणी नाक मुरडलं तर मी भांडायला उठायची.

प्रकरण असं होतं. गावाबाहेर गरम पाण्याचे झरे आहेत आणि तिथे फळं वाळवायचा कारखाना निघायचा होता. त्याला जमिनीखालचं गरम पाणी हवं होतं. खाली ते किती तापलेलं असेल याचा अंदाज भावोजींच्या कचेरीनं दिला: ब्याण्णव अंश. म्हणजे वर झऱ्यात जेवढं कढत, जवळपास तेवढंच खाली. त्या भरवशावर फोरमननं साधं यंत्र लावलं, बोअरच्या तोंडाशी साधी झडप बसवली आणि काम सुरू केलं. खालून पाणी आलंच नाही, वाफ आली. झडप उडाली. फोरमनचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि मान भाजली.

झऱ्याचे नमुने गोळा करणाऱ्या मुलीनं नमुन्यात भेसळ केल्याचं कबूल केलं होतं. तिला कचेरीत सगळे 'पाणीवाली' म्हणत.

मी पोचले तेव्हा ताई सुनावणीचे कपडे इस्त्री करत होती. भावोजींची काळी पँट टेबलावर पसरलेली आणि ताईचा पारा चढलेला.

"ही इस्त्रीसुद्धा यांच्यासारखीच बिघडलीय," ती म्हणाली. "बघ, पांढरे ठिपके टाकतेय. आणि नळाचं पाणी घालत नाही गं मी. हे प्रयोगशाळेतून डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवतात, तेच घालते."

फळीवर प्लॅस्टिकच्या बाटल्यांची रांग होती. मी पँटवरचा एक ठिपका नखानं खरवडून पाहिला.

"इस्त्री जुनी झाली, ताई. टाकून दे आता," मी म्हणाले, आणि चहा मागितला.

२

भावोजी गॅलरीत बसले होते. हातात वर्तमानपत्र, तेही उलटं धरलेलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. मला पाहून ते हसले नाहीत.

"तू कशाला आलीस?"

"तुमच्यावरचं बालंट काढायला."

"माझ्यावर कुठे आहे?" ते म्हणाले. मग वर्तमानपत्राची घडी घातली. "ती मुलगी वाईट नाही गं. तिच्यावर फार ओरडू नकोस."

मला भरून आलं. जिनं या माणसाच्या इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा लावला तिचीच बाजू हे घेतायत! मी त्याच तिरमिरीत उठले आणि कचेरी गाठली.

तिथे मला नमुन्यांचं कपाट दाखवलं ते थेंब्यानं. खरं नाव काय ते मी विचारलं नाही; प्रयोगशाळेत मोजमाप करणारा हा लांबुडका, रुसक्या चेहऱ्याचा गृहस्थ थेंबभरही जास्त ओतत नाही म्हणून त्याचं हे नाव पडलेलं. नोकरीत नवा होता. किल्ल्या होत्या त्या त्याच्याकडे, पाणीवालीकडे आणि भावोजींकडे.

"प्रत्येक झऱ्याच्या तीन बाटल्या असतात," तो म्हणाला. "लाल झाकण, पिवळं झाकण, निळं झाकण. लाल आणि पिवळी ही बघा. निळी नाही."

"निळ्यात काय मोजता?"

"सिलिका."

आता थोडं पाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जमिनीत खोलवर थर्मामीटर सोडता येत नाही, तेव्हा वर आलेल्या पाण्यालाच विचारावं लागतं, की बाबा रे, खाली किती तापला होतास? पाणी दोन तऱ्हांनी सांगतं. एक म्हणजे सिलिका. सिलिका म्हणजे आपली गारगोटीच. पाणी जितकं जास्त तापतं तितकी ती जास्त विरघळते, म्हणून पाण्यातली सिलिका मोजली की खालचा ताप निघतो. दुसरी तऱ्हा सोडियम आणि पोटॅशियमची. त्यांचं एकमेकांशी प्रमाण तापाबरोबर बदलतं.

भावोजींचा अहवाल मी तिथेच उभ्याउभ्या वाचला. सिलिका एका लिटरमध्ये चाळीस मिलिग्रॅम, त्यावरून खालचा ताप ब्याण्णव अंश. सोडियम-पोटॅशियमवरून मात्र निघत होते दोनशे तीसच्या आसपास. त्यावर भावोजींनी शेरा मारला होता, 'इथल्या खडकाला हा हिशेब लागू पडत नाही.'

लागू पडत होता. फोरमनच्या हातांनी ते दाखवून दिलं होतं. मग सिलिका का चुकली? मला लगेच उत्तर सापडलं आणि मी खूशही झाले. पाण्यात पाणी ओतलं की सिलिका कमी भरते, पण सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही सारखेच पातळ होतात, त्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. एक थर्मामीटर फसतो, दुसरा फसत नाही. इथे नेमकं तेच दिसत होतं. कोणीतरी नमुन्यात पाणी घातलं होतं, आणि कोणी ते तर तिनं स्वतःच सांगितलेलं.

प्रकरण संपलं, असं मी थेंब्याला म्हणाले.  तो पिवळ्या झाकणाची बाटली उचलून उजेडात बघू लागला.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. लाल आणि पिवळी बाटली मी काल पुन्हा मोजली. त्यांत पाणी घातलेलं नाही."

३

म्हणजे तीन बाटल्यांतल्या एकाच बाटलीत पाणी घातलं होतं. असला चोर मी पाहिला नव्हता. झऱ्यापर्यंत चालत जायचा कंटाळा आला म्हणून कोणी वाटेतलं पाणी भरलं तर तिन्ही बाटल्या सारख्याच बिघडतील. दोन प्रामाणिकपणे भरायच्या आणि तिसरीत भेसळ करायची, हे कोणत्या कारणासाठी?

तरी माझा राग काही उतरला नाही. राग असला की डोकं बंद ठेवता येतं, ही त्याची मोठी सोय आहे.

पाणीवाली सायकलच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांच्या जागेत आईबरोबर राहत होती. दार आईनं उघडलं. मी कचेरीतून आले म्हटल्यावर त्या माउलीनं घाईघाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले आणि मला बसायला सांगितलं.

"परत घेणार का हो तिला कामावर?" त्यांनी हळूच विचारलं. "मी विचारलं म्हणून सांगू नका तिला."

मुलगी आतून आली. पंचविशीची असेल. झऱ्यांवर फिरून रापलेला चेहरा, आणि डोळे जमिनीवर. मी तिला बोलायला जागाच दिली नाही. फोरमनच्या हातांचं सांगितलं, माझ्या भावोजींनी तिला किती विश्वासानं शिकवलं ते सांगितलं, बाटली पळवून काय मिळवलंस असं विचारलं. आई दारात उभी राहून ऐकत होती आणि मी थांबले नाही. आजही ती खोली आठवली की मला स्वतःचं तोंड कुठे लपवू असं होतं.

"बाटली मी घेतली नाही," ती म्हणाली. "आणि फोरमनकाकांचं मला माहीत आहे. मी रोज दवाखान्यात जाते. बाहेरच्या बाकावर बसते आणि परत येते. आत जायची लाज वाटते."

"लाज वाटण्यासारखंच केलंस. का घातलंस त्यात पाणी?"

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

"निळ्या बाटलीत?" ती म्हणाली. "घालावंच लागतं ना, मॅडम."

४

माझं आयुष्य गार विहिरींत गेलं. गरम झऱ्यांचे नमुने मी कधी गोळा केले नाहीत, ते भावोजींचं राज्य. म्हणून मला त्या सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसून एका मुलीकडून शिकावं लागलं.

"खालचं पाणी भरपूर सिलिका घेऊन येतं," ती सांगू लागली. "बाटलीत गार झालं की ती सिलिका पाण्यात राहत नाही. खळीसारखी होते, बाटलीला चिकटते. मग प्रयोगशाळेत मोजली की कमी भरते. म्हणून झऱ्यावरच, गरम असतानाच, एक भाग झऱ्याचं पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर. एवढं पातळ केलं की बसत नाही. पुढे हिशेब करताना दहानं गुणायचं. सरांनीच शिकवलं मला. आम्ही त्याला पाणी मारणं म्हणतो. निळी म्हणजे पाणी मारलेली बाटली."

मी खुर्चीत पुढे सरकले.

"चौकशीत तू नेमकं काय म्हणालीस? शब्दन् शब्द सांग."

"चौकशीच्या साहेबांनी विचारलं, नमुन्यात काही मिसळलंत का? मी म्हटलं, हो, निळ्यात मी पाणी मारलं. साहेब म्हणाले, बस. मी पुढे सांगणार होते, पण ते म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. आणि लिहून घेतलं."

दूधवाल्यानं दुधात पाणी मारलं म्हटल्यावर जो अर्थ होतो तोच त्या साहेबानं घेतला. त्याचा तरी काय दोष? कोणालाही तसंच वाटलं असतं. ज्याला या कामातली बोली माहीत आहे त्यालाच खरा अर्थ कळला असता.

"नंतर का नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी बाटली गेली आणि मला कचेरीत यायचं नाही म्हणून कळवलं." ती ओढणीशी चाळा करत थांबली. "आणि मला वाटलं सर सांगतील. ते होते ना तिथे."

"आणखी कोण होतं?"

"साहेब, मी आणि सर. बाकी कोणी नाही."

"मग सर काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटली. मग मलाच वाटायला लागलं की मी खरंच काहीतरी चुकवलं असणार."

तिची आई दारातून पुढे आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी उठले. जिना उतरताना मी मनात एकच घोकत होते. थेंब्या निघू दे. चूक थेंब्याचीच निघू दे.

५

आता गणित मुलांनाही येईल असं होतं. बाटलीत चाळीस. दहानं गुणलं की चारशे. चारशे सिलिका म्हणजे खाली दोनशे तेहतीस अंश, आणि मग दोन्ही थर्मामीटर एकच गोष्ट सांगतात. कोणीतरी दहानं गुणायचं विसरलं होतं, एवढंच. वर झरा नव्वदीचा, म्हणून ब्याण्णव हा आकडा कोणाला खटकलासुद्धा नाही.

थेंब्या नळ्या धूत होता.

"निळीतलं चाळीस तुम्ही मोजलंत?"

"हो."

"पाणी मारलेली आहे हे माहीत होतं?"

"पाणी... विरळ केलेली म्हणता? हो, निळं झाकण म्हणजे विरळ केलेली. ते तर माहीतच असतं."

"मग दहानं गुणलं का नाहीत?"

मला वाटलं होतं त्याच्या तोंडचं पाणी पळेल. तो उलट रुसला.

"गुणायचं काम माझं नाही. बाटलीत असेल तेवढंच लिहायचं. पूर्वी इथे एकदा प्रयोगशाळेनं गुणलं आणि वर सरांनीही गुणलं, खाली लाव्हा निघाला म्हणून अजून चेष्टा करतात. तेव्हापासून नियम आहे, की जो ताप काढतो तोच गुणतो. नियम सरांनीच केला."

ताप काढला होता भावोजींनी.

"तिनं काय कबूल केलं ते तुम्हाला माहीत होतं?"

"भेसळ केली म्हणून कळलं. चौकशीला मला बोलावलंच नाही. मी सरांना विचारलं होतं, येऊ का म्हणून. ते म्हणाले, गरज नाही." त्यानं नळी हातात फिरवली. "लाल आणि पिवळी बाटली चोख निघाली तेव्हाच मी पुढे बोलायला हवं होतं. मी नवा आहे, म्हणून गप्प बसलो. ही काही सबब नाही, मला कळतं."

"ती निळी बाटली सापडली तर?"

"तर तासाभरात सांगतो. तिनं रीतसर पातळ केली असेल तर सोडियम लाल बाटलीतल्याचा बरोबर दहावा हिस्सा भरेल, आणि दुसरं काही वाढलेलं नसेल. नळाचं पाणी घातलं असेल तर त्यात नळाचा क्षार दिसेल, मॅग्नेशियम दिसेल. पण बाटली कुठे आहे?"

त्यानं शेवटची नळी डिस्टिल्ड वॉटरनं विसळली आणि तशीच उलटी टांगली. मी सहज म्हटलं, पुसत नाही का?

"पुसायचं कशाला? डिस्टिल्ड आहे. वाळलं की मागे काही राहत नाही. डाग पडत नाही."

मी काही क्षण त्या टांगलेल्या नळीकडे बघत राहिले. मग पर्स उचलली आणि घरी निघाले. रस्ताभर मला ताईची काळी पँट आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके दिसत होते.

६

दुपारची वेळ. ताई धान्य निवडत बसली होती. मी सरळ इस्त्रीच्या फळीपाशी गेले. बाटल्यांवर कंपनीची छापील चिठ्ठी होती. एकीवर नव्हती. तिच्या अंगावर सोललेल्या चिठ्ठीचा डिंक तेवढा राहिला होता. झाकण बाकीच्यांसारखंच पांढरं. पाणी अर्ध्याहून कमी उरलेलं.

"ही कधीपासून वापरतेस?"

"चार दिवस झाले असतील. मागे पडली होती, मी पुढे ओढली. काय झालं?"

मी तिला सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून बाटलीकडे बघून सांगितलं. ताईला रसायन कळत नाही, पण नवरा कळतो. माझं संपायच्या आत तिनं सूप बाजूला ठेवलं होतं.

"हे घरातलं आहे," ती म्हणाली. "घरातच राहू दे. बाटली फोडून टाक. तुला त्यांनी हाताला धरून शिकवलंय."

"त्या मुलीलाही त्यांनीच शिकवलंय, ताई."

"मग मी काय करू? लोकांना तोंड कसं दाखवू?"

"तू फोडू नकोस," भावोजी म्हणाले. ते दारात कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नव्हतं. "मला नाही जमलं ते. मोरीपर्यंत दोनदा घेऊन गेलो. नमुना आहे, ओतवला नाही."

ते खुर्चीत बसले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत ओरडले होते तसं. मी बाटली उचलून हातात घट्ट धरली.

"वाफ निघाल्याचं कळलं तेव्हाच मी कागद काढून बघितला," ते म्हणाले. "चाळीस. बघताक्षणी कळलं. चौकशीला गेलो तो सांगायलाच गेलो होतो. खरं सांगतो, सांगायलाच. ती म्हणाली, पाणी मारलं. साहेब म्हणाले, बस. मला वाटलं, त्यांचं लिहून होऊ दे, मग बोलू. ते लिहीत राहिले आणि मी बघत राहिलो. लिहून झालं आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, बिचारे सर, अशा नजरेनं. मग माझं धाडसच झालं नाही."

"दहानं गुणायचं विसरलात ती चूक," मी कशीबशी म्हणाले. "चूक कोणाचीही होते. पण तिला वाटलं, तुम्हाला तिची लाज वाटली."

त्यांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला.

ताई उठली. मला वाटलं, त्यांच्याजवळ जाईल. ती टेबलापाशी गेली आणि ती काळी पँट घडी घालू लागली.

"रोज जेवताना त्या पोरीच्या नावानं बोटं मोडत होते मी," ती म्हणाली. "तुमच्या समोर. आणि तुम्ही मला मोडू दिलीत."



संध्याकाळच्या आत थेंब्यानं बाटली मोजली. सिलिका चाळीस. सोडियम लाल बाटलीतल्याचा दहावा हिस्सा. मॅग्नेशियम नाही म्हटलं तरी चालेल. त्या मुलीनं उकळत्या झऱ्याच्या काठावर उभं राहून जे मोजून घातलं होतं ते रेसभरही इकडेतिकडे झालेलं नव्हतं.

७

शुक्रवारी भावोजी ती ठिपक्यांची पँट घालूनच निघाले. ताईनं दुसरी काढून ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सुनावणीची खोली लहान होती. साहेब, थेंब्या, मी, आणि भिंतीकडेच्या बाकावर पाणीवाली तिच्या आईबरोबर. फोरमनला दवाखान्यातून आणलं होतं. बँडेज बांधलेले हात त्यानं मांडीवर उताणे ठेवले होते. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. गंमत म्हणजे त्यानंही तिच्याकडे बघून तेच केलं.

साहेबानं वाचायला सुरुवात केली तेव्हा भावोजी उभे राहिले.

"पाणी मारलं म्हणजे काय, ते या खोलीत मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. झऱ्यावर पाणी का मारतात ते, दहानं कोणी गुणायचं होतं ते, आणि बाटली कोणी उचलली ते. काही वगळलं नाही. आवाज मात्र इतका खाली गेला होता की साहेबाला दोनदा म्हणावं लागलं, जरा मोठ्यानं.

"म्हणजे खरा आकडा किती?" फोरमननं विचारलं.

"दोनशे तेहतीस."

"ब्याण्णव नाही."

"नाही."

फोरमननं आपल्या हातांकडे पाहिलं. "मग माझं काही चुकलं नव्हतं?" तो म्हणाला. "झडप बसवताना माझा हात हलका पडला असं वाटत होतं मला. घरी बायकोला तसंच सांगितलंय. पोरांनाही. दवाखान्यात कोणी भेटायला आलं की मी झोपेचं सोंग घ्यायचो."

"तुमचं काही चुकलं नव्हतं," भावोजी म्हणाले.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याला ते पुसता येईना. पाणीवाली उठली, त्याच्याजवळ गेली आणि आपल्या ओढणीच्या टोकानं तिनं त्याचा चेहरा टिपला. काका, मी रोज येत होते, एवढंच ती म्हणाली. इतके दिवस ज्यांनी लाजेनं दारं लावून घेतली होती ते हे दोघं, आणि दोघांचाही चुकीशी काडीचा संबंध नव्हता.

साहेब पुढचं काहीतरी बोलत होता. नोकरीचं, नुकसानीचं, पुढे काय कारवाई होईल ते. मी ऐकलं नाही. भावोजी टेबलाला वळसा घालून त्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले होते. त्यांनी खिशात हात घातला आणि एक निळं झाकण काढून तिच्यासमोर धरलं. इतके दिवस ते त्यांच्या खिशातच होतं.

"मुली, माझ्याकडे बघ," ते म्हणाले. "त्या दिवशी मला तुझी लाज वाटली नव्हती."

तिनं झाकण घेतलं. टेबलावर ठेवलेल्या बाटलीचं पांढरं झाकण काढून त्या जागी निळं बसवलं आणि घट्ट फिरवलं. तेवढं सगळं होईपर्यंत ते तिच्यासमोर उभे होते, आणि तिनं मान वर केली नाही. या वेळी मात्र तिला खरोखरच त्यांची लाज वाटत होती.